वायरिंग बदलायचे आहे, पण जिप्समच्या भिंती फोडायच्या नाहीत

प्रश्न : नागपूरच्या प्रतापनगर भागातून एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्यांच्या सासऱ्यांनी १९९० च्या सुमारास बांधलेले दुमजली घर आहे. खालच्या मजल्याच्या भिंती विटांच्या आहेत. वरच्या मजल्यावर पूर्वी एकच मोठा हॉल होता. दहा-बारा वर्षांपूर्वी जिप्सम बोर्डाची पार्टिशने घालून त्याच्या तीन खोल्या केल्या गेल्या आणि त्याच वेळी फॉल सीलिंगही झाले. गेल्या उन्हाळ्यात वर दुसरा एसी बसला. तेव्हापासून एसी सुरू होताना दिवे मंदावतात, एमसीबी (भार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच) अधूनमधून ट्रिप होतो आणि एका खोलीतला प्लग काळा पडून वितळला आहे. सगळे वायरिंग नव्याने करावे लागेल आणि त्यासाठी पार्टिशनचे बोर्ड काढावेच लागतील, असे वायरमनचे म्हणणे आहे. भिंतींना हात न लावता बाहेरून पट्टी मारावी, नाहीतर पुढच्या रंगकामापर्यंत थांबावे, असे पतींचे मत आहे. सासूबाईंना दमा असल्याने धुळीची धास्ती आहे. शिवाय एका पार्टिशनवर मुलीने बारावीच्या सुटीत काढलेले मोठे चित्र आहे आणि ते जाऊ नये, असे घरातल्या सगळ्यांनाच वाटते. ‘भिंतींना धक्का न लावता वायरिंग बदलता येते का, की घर फोडावेच लागेल?’ असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर : ताई, बाकी सगळे नंतर, एक काम मात्र आजच करा. तो वितळलेला प्लग ज्या एमसीबीवर आहे तो बंद करून ठेवा आणि प्लग बदलून होईपर्यंत त्यावर काहीही लावू नका. प्लग काळा पडतो तेव्हा दोष बहुतेक वेळा भिंतीतल्या तारेत नसतो. सॉकेटच्या मागे स्क्रूखाली तार धरलेली असते, तिथली पकड ढिली झालेली असते, किंवा सहा अँपिअरच्या सॉकेटवर इस्त्री, हीटर, इंडक्शन अशी जड उपकरणे चालवलेली असतात. ढिल्या पकडीतून वीज जाताना ती जागा तापते, तापून तांबे काळवंडते, काळवंडल्याने तिथला विरोध आणखी वाढतो आणि प्लॅस्टिक वितळेपर्यंत हे चालूच राहते. प्रवाह मर्यादेत असल्यामुळे एमसीबीला यातले काहीच कळत नाही. हा दोष काढायला अर्धा तास पुरतो आणि त्यासाठी एकही भिंत उघडावी लागत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या पहिल्या गृहीताकडे वळू. सगळे वायरिंग बदलावे लागेल, हे वायरमनने नुसते पाहून सांगितले की मोजून, हे पत्रातून कळत नाही. वरच्या मजल्यावरचे वायरिंग जेमतेम दहा-बारा वर्षांचे आहे. ते तांब्याच्या आणि आयएसआय चिन्हाच्या तारांचे असेल, तर एवढ्या वर्षांत ते निकामी होण्याचे कारण नाही. खालच्या मजल्यावरच्या तीस-पस्तीस वर्षांच्या तारांबद्दल मात्र तसे म्हणता येणार नाही. म्हणून आधी मेगर नावाच्या यंत्राने तपासणी करून घ्या. मेन बंद करून, सगळी उपकरणे काढून, बल्ब आणि ट्यूबही उतरवून ठेवतात आणि मग प्रत्येक सर्किटच्या तारांवर ५०० व्होल्टचा दाब देऊन इन्सुलेशनचा, म्हणजे तारेवरच्या आवरणाचा, विरोध मोजतात. तो किमान १ मेगाओहम तरी असावा; चांगल्या वायरिंगमध्ये तो याच्या कितीतरी पट येतो. प्रत्येक सर्किटचा आकडा कागदावर लिहून घ्या. कोणते वायरिंग बदलायचे आणि कोणते ठेवायचे, हे त्या कागदावरून ठरेल.

दिवे मंदावण्याचेही थोडे निरीक्षण करा. वरचा एसी सुरू होताना खालच्या स्वयंपाकघरातला दिवासुद्धा मंदावतो का? तसे असेल, तर मीटरपासून डीबीपर्यंतची (एमसीबी बसवलेल्या मुख्य पेटीपर्यंतची) मुख्य केबल बारीक आहे, कुठेतरी जोड ढिला आहे किंवा बाहेरून येणारा दाबच कमी आहे, अशी शंका घ्यायला जागा आहे. अशा वेळी पार्टिशन उघडून काहीही साधणार नाही. फक्त वरचेच दिवे मंदावत असतील, तर जिन्यातून वर गेलेली एकच जुनी तार दिवे, पंखे आणि दोन्ही एसी असा सगळा भार वाहते आहे, असे बहुधा आढळेल. तुमच्याकडे थ्री फेज जोडणी असेल आणि काही दिवे मंद होताना दुसरे काही दिवे एकदम प्रखर होत असतील, तर ती न्यूट्रल, म्हणजे विजेच्या परतीची तार, सुटत असल्याची खूण आहे; ती दिसली तर मेन बंद करून त्याच दिवशी माणूस बोलवा. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो, तोही पाहून घ्या. दोन एसी आणि गीझर मिळून तुम्ही त्याच्या पुढे गेला असाल, तर भार वाढवून घेण्याचा अर्ज याच वेळी करावा. एमसीबी ट्रिप होतो म्हणून सोळाच्या जागी बत्तीसचा बसवण्याचा सोपा उपाय कोणी सुचवला, तर तो कटाक्षाने नाकारा. एमसीबी आतल्या तारेच्या रक्षणासाठी असतो. तार तीच ठेवून तो मोठा केला, की तापण्याचे काम भिंतीतल्या तारेकडे जाते, आणि तिथे ते कोणाला दिसतही नाही.

दुसरे गृहीत असे, की नवी तार जुन्या तारेच्याच वाटेने जायला हवी आणि ती वाट मोकळी करण्यासाठी बोर्ड काढायलाच हवेत. तुमच्या वायरमनला मी दोष देणार नाही. आपल्याकडे वायरिंगचा दर पॉइंटमागे ठरतो. भिंत जितकी मोकळी, तितके त्याचे काम झटपट होते आणि ती पुन्हा झाकण्याचे काम दुसऱ्याचे असते. त्यातून विटांच्या भिंतीत झिऱ्या (तारेसाठीच्या खाचा) मारण्यात हयात गेलेल्या माणसाला पोकळ भिंतीचा फायदा चटकन सुचत नाही. जिप्समचे पार्टिशन मुळातच पोकळ असते, आणि तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या पोकळीत आहे.

ही भिंत आतून कशी असते, ते समजून घ्या, म्हणजे वायरमनशी बोलणे सोपे जाईल. जमिनीवर आणि वर एकेक आडवा चॅनेल, त्यांच्यामध्ये साधारण दोन-दोन फुटांवर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचे उभे चॅनेल आणि दोन्ही बाजूंनी स्क्रूने बसवलेला साडेबारा मिलिमीटर जाडीचा बोर्ड, एवढाच तिचा सांगाडा असतो. दोन उभ्या चॅनेलांमधला सगळा गाळा वरपासून खालपर्यंत रिकामा असतो. आवाज अडवण्यासाठी काचलोकर भरली असेल किंवा जड कपाट टांगण्यासाठी मध्ये आडवा चॅनेल टाकला असेल, तेवढाच अपवाद. उभे चॅनेल कुठे आहेत, हे शोधायला यंत्र लागत नाही. फ्रिजच्या दारावर लावतात तसला लहानसा लोहचुंबक भिंतीवरून हळूहळू फिरवला, की तो लांबीखाली (पुट्टीखाली) दडलेल्या स्क्रूंना धरतो. त्या जागा पेन्सिलीने जोडत गेले, की सांगाड्याचा नकाशा भिंतीवर उमटतो. हा नकाशा तयार होईपर्यंत घरात करवत उघडू देऊ नका.

तार नेण्याची सर्वांत चांगली वाट वरून, म्हणजे फॉल सीलिंगच्या वरच्या पोकळीतून आहे. त्या पोकळीत शिरण्यासाठी सीलिंग कापावे लागतेच असे नाही. गोल एलईडी दिवे स्प्रिंगच्या पकडीवर बसवलेले असतात. ते खाली ओढून काढले की हात जाईल एवढे भोक आयते मिळते, आणि दोन दिव्यांमधले अंतर फायबरच्या लवचिक कांडीने पार करता येते. जिथे वारंवार जावे लागेल, अशा एका ठिकाणी, शक्यतो जिन्यासमोरच्या पॅसेजमध्ये, दीड-दोन फुटी चौकोनी ट्रॅप डोअर कायमचे बसवून घ्यावे. दिसण्यात थोडा फरक पडेल, पण पुढची वीस वर्षे कोणतीही दुरुस्ती तिथून होईल.

पोकळीतून पार्टिशनच्या गाळ्यात उतरताना पार्टिशन कुठवर बांधले आहे, ते पाहावे लागते. ते थेट स्लॅबपर्यंत गेले असेल, तर सीलिंगच्या वरच्या भागात, म्हणजे जिथे कोणाची नजरच जात नाही तिथे, बोर्ड कापून आत शिरता येते. ते सीलिंगच्या पातळीलाच संपत असेल, तर वरच्या आडव्या चॅनेलला वीस-बावीस मिलिमीटरचे भोक पाडावे. मग त्या भोकातून बारीक साखळी सोडायची. साखळी स्वतःच्या वजनाने सरळ खाली उतरते, तर वायरमनची नेहमीची स्प्रिंग कुठल्याशा चॅनेलला अडून वाकडी जाते. साखळी खाली स्विच बोर्डाच्या कापातून चुंबकाने बाहेर ओढून घ्यायची, तिला तार बांधायची आणि वरून खेचायची. काचलोकर असेल तर साखळी अडते. तिथे बोर्डाच्या आतल्या अंगाला घासून फायबरची कांडी उतरवावी. आडवा चॅनेल आडवा आला, तर नेमका त्याच उंचीवर तळहाताएवढा एक काप घ्यावा लागेल. तुमच्या तीन खोल्यांत असे काप किती घ्यावे लागतील, ते नकाशा झाल्यावर मोजून सांगता येईल. तो आकडा, सगळे बोर्ड काढण्याच्या तुलनेत, फारच लहान असेल.

खालून, स्कर्टिंगच्या मागून तार फिरवण्याचा मार्गही काही जण सुचवतात. स्कर्टिंग काढायचे, त्यामागची चार इंचांची पट्टी कापायची आणि पुन्हा झाकायचे, म्हणजे काप दिसतच नाही. पण आपल्याकडे फरशी भरपूर पाण्याने पुसली जाते आणि उन्हाळाभर कूलरचे पाणी कुठेतरी सांडतेच. वरची वाट मिळत असताना ही निवडू नये.

कापावेच लागेल तिथे मात्र काप भीत भीत, ओबडधोबड भोक पाडून घेऊ नका. छोटे वेडेवाकडे भोक बुजवणे हे मोठा सरळ चौकोन बुजवण्यापेक्षा कठीण असते, कारण त्याच्या कडांना टेकू मिळत नाही. पातळीने चौकोन आखावा. मेन बंद करावा. करवतीच्या पात्याला चिकटपट्टी गुंडाळून ते बोर्डाच्या जाडीपेक्षा थोडेच पुढे जाईल असे करावे, म्हणजे आतली तार कापली जात नाही. पाते आतल्या बाजूला तिरपे धरावे. उन्हाळ्यात फळवाला कलिंगडाची खाप तिरप्या सुरीने काढून दाखवतो आणि ती परत बसवतो, तसा हा तुकडा त्याच जागी परत बसतो आणि आत पडत नाही. तुकड्याच्या मागे खडूने त्याची जागा लिहून तो जपून ठेवायचा. नवा बोर्ड आणून कापण्यापेक्षा जुनाच तुकडा बसवणे केव्हाही चांगले, कारण त्याची जाडी आणि त्यावरचा रंग आजूबाजूशी जुळतो. काप चौकोनी बॉक्सजवळ पडत असेल तर आणखी सोपे. सहा मॉड्यूलच्या जागी आठ मॉड्यूलची प्लेट घेतली, की कडेचे तुटलेले सगळे तिच्याखाली झाकले जाते. बॉक्स मात्र जिप्सम बोर्डासाठीचेच, मागून पंख उघडून बोर्डाला पकडणारे घ्यावेत. विटांच्या भिंतीचे बॉक्स प्लॅस्टर लावून बसवले, तर प्लग ओढताना वर्षभरात बॉक्ससकट हातात येतात.

आता मुलीच्या चित्राबद्दल. ते ज्या पार्टिशनवर आहे त्याला दुसरी बाजूही आहे, आणि ती तुमच्या पत्रावरून कपाटांच्या खोलीत येते. त्या पार्टिशनमधले सगळे काम मागच्या बाजूने, कपाट सरकवून करता येईल. चित्राच्या बाजूचा स्विच बोर्ड आहे त्याच जागी, आहे त्याच कापात राहू द्या. त्यात येणारी तार मात्र मागून येईल. चित्राच्या बाजूने कोणी करवत लावण्याची गरजच पडू नये. काम सुरू होण्याआधी त्या भिंतीवर प्लॅस्टिक चिकटवू नका, पट्टीबरोबर रंग निघतो. जुनी चादर वरून सोडून ठेवा.

भिंत वाचवण्याच्या नादात जे मुळीच करू नये, ते आता सांगते, आणि या पत्रातला हा भाग तुम्ही वायरमनला वाचून दाखवला तरी चालेल. भिंतीच्या आत तारेला जोड देऊन, त्यावर टेप गुंडाळून, वरून लांबी भरून टाकणे हा सर्वांत मोठा धोका आहे. तार कमी पडली म्हणून किंवा वाट सापडली नाही म्हणून असे जोड दिले जातात. पुढे जी आग किंवा जो शॉक उद्भवतो, त्याचे मूळ शोधायला मग खरोखरच सगळी भिंत फोडावी लागते. प्रत्येक जोड स्विच बोर्डात किंवा उघडता येणाऱ्या बॉक्समध्येच असला पाहिजे. जोड लपवण्यापेक्षा भिंतीला आणखी एक काप गेला तर जाऊ द्या, काप बुजतो. दुसरी गोष्ट पत्र्याच्या कडांची. जीआय चॅनेलला पाडलेल्या भोकाची कड पात्यासारखी असते. तिच्यावरून तार खेचली तर इन्सुलेशन सोलले जाते आणि पार्टिशनचा सगळा सांगाडा, त्याच्या स्क्रूंसकट, विजेच्या संपर्कात येऊ शकतो. म्हणून प्रत्येक भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कड झाकणारे कडे) आणि तारेला लवचिक कंड्युट (तार आत ठेवायची नळी) हवेच. तुमच्याकडच्या आताच्या तारा पोकळीत नुसत्याच सोडल्या आहेत का, हे एक स्विच बोर्ड उघडून टॉर्च मारली तरी दिसेल. तसे असेल, तर मेगरचा आकडा चांगला आला तरी त्या बदलाव्यात, असे माझे मत आहे.

नागपूरच्या उन्हाचा विचार इथे वेगळा करायला हवा, कारण बाहेरगावचे ठोकताळे आपल्याला पुरत नाहीत. पीव्हीसी तारेचे तांबे ७० अंशांपर्यंत तापलेले चालते आणि तिची क्षमता सांगताना बहुधा भोवतालची हवा ४० अंशांची धरलेली असते. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतलाच पारा ४५ च्या पुढे जातो. उन्हात भाजणारा स्लॅब आणि फॉल सीलिंग यांच्यामध्ये कोंडलेली हवा त्याहून गरम असते. ती ५५ अंश झाली असे धरा. तारेला तापायला आधी तीस अंशांची मोकळीक होती, आता पंधराच अंशांची उरली. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने मोकळीक निम्मी झाली की तारेची क्षमता सुमारे ७० टक्क्यांवर येते, आणि नेमके त्याच दुपारी दोन्ही एसी पूर्ण जोराने चालू असतात. दीड टनी एसी चालताना साधारण सात-आठ अँपिअर घेतो, म्हणून अडीच चौरस मिलिमीटरची तार कागदावर पुरेशी दिसते. तरी वरच्या मजल्यासाठी प्रत्येक एसीला डीबीपासून स्वतंत्र, चार चौरस मिलिमीटरची तार घ्या. गीझरलाही तीच. सोळा अँपिअरच्या प्लगना अडीच आणि दिव्या-पंख्यांना दीड पुरे. काचलोकरीत पुरलेली तार आणखी तापते, हेही लक्षात असू द्या. आणि तारा सीलिंगच्या बोर्डावर लोळत ठेवू नयेत. कंड्युट स्लॅबला क्लॅम्पने धरावे.

खालच्या विटांच्या मजल्यासाठी थोडक्यात सांगते. तिथे कंड्युट भिंतीतच गाडलेले असणार. जुन्या तारेलाच नवी तार बांधून ती खेचता येते का, हे प्रत्येक नळीत करून पाहावे. ज्या नळ्या मोकळ्या आहेत तिथे भिंत उघडण्याचा प्रश्नच येत नाही. नळी तारांनी ठासून भरू नये, आतली निम्म्याहून अधिक जागा मोकळी राहावी. जिथे नळी बुजली आहे तिथे बोर्डापासून सरळ वर एकच उभी झिरी घ्यावी, तीही छिन्नी-हातोड्याने न मारता, कटरने आणि व्हॅक्यूम लावून. साडेचार इंची भिंतीत आडवी झिरी मारू देऊ नका. तिने भिंत कमजोर होते. काळ्या मातीवर उभ्या असलेल्या घरांच्या भिंती तशाही पावसाळ्या-उन्हाळ्यात हलतात आणि अशा झिरीवरून भेग धरते.

तुमच्या पतींचा पट्टीचा पर्याय तुम्ही पत्रात थोडा हिणवून लिहिला आहे, पण तो तसा टाकाऊ नाही. आत दडवलेले वायरिंग ते चांगले आणि बाहेरून दिसणारे ते गबाळे, ही आपली सवयीची समजूत आहे. सीलिंगच्या कडेने किंवा दाराच्या चौकटीलगत सरळ रेषेत बसवलेली पीव्हीसी केसिंग पट्टी भिंतीच्या रंगात रंगवली, की महिन्याभरात नजरेआड होते, आणि सुरक्षिततेत ती कुठेच कमी नसते. उलट तिच्यातला दोष लवकर सापडतो. सासूबाईंच्या खोलीसाठी मी हाच मार्ग सुचवीन. त्यांच्या खोलीत कापाकापी नको, घासाई नको. एका सकाळी, त्या देवळात किंवा शेजारी जाऊन येईपर्यंत काम होईल. पूर्ण घराला पट्टी मारण्याची मात्र गरज दिसत नाही.

थांबण्याच्या पर्यायाशी मात्र मी सहमत नाही, निदान पूर्णपणे नाही. कामाचे दोन भाग करा. पहिला भाग कूलर बाहेर काढण्याआधी उरकायचा आणि त्यात भिंतींना हात लागत नाही : मीटरपासूनच्या मुख्य केबलची तपासणी, नवा डीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच), सगळ्या प्लगच्या मागच्या पकडी आणि अर्थिंग. सुरक्षिततेचा मोठा वाटा एवढ्यातच पदरात पडतो. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे, लहान मुले दगावल्याच्या बातम्या विदर्भातल्या वर्तमानपत्रांत येतात. ओल्या पत्र्यातून शरीरात जाणारा प्रवाह एमसीबीच्या मानाने क्षुल्लक असल्याने एमसीबी हलतही नाही. आरसीसीबी मात्र सेकंदाच्या काही अंशांत वीज तोडतो. नवा आरसीसीबी बसवल्यावर तो सारखा ट्रिप होऊ लागला, तर वायरमन ‘हा तुमच्या घराला चालत नाही’ म्हणून तो काढायला निघेल. तसे होऊ देऊ नका. जुन्या घरांत दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र बांधलेले असतात किंवा कुठेतरी न्यूट्रल अर्थला लागलेला असतो; आरसीसीबी तेच दाखवत असतो, आणि ते शोधून वेगळे करणे हेच खरे काम आहे. अर्थिंगच्या खड्ड्याचेही तेच. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि अर्थिंगचा विरोध वाढतो, म्हणून ते मोजायचे ते एप्रिल-मेमध्ये मोजावे आणि खड्ड्यात पाणी घालण्याची जबाबदारी घरातल्या एकाने घ्यावी.

दुसरा भाग, म्हणजे पार्टिशनमधून नव्या तारा नेण्याचा, पावसाळा संपल्यावर आणि दिवाळीच्या रंगकामाआधी करावा. पावसाळ्यात लांबी वाळत नाही आणि वरचा रंग सुटतो. पतींचे म्हणणेही त्यात राखले जाईल. तोवर दोन्ही एसी एकाच वेळी लावू नका. मे महिन्यात हे सांगणे सोपे नाही, हे मला कळते. रात्री सगळ्यांनी एकाच खोलीत झोपणे हा तेवढ्यापुरता उपाय आहे.

काप बुजवताना जपून ठेवलेला तुकडा, त्यामागे बोर्डाला स्क्रूने धरलेली पत्र्याची किंवा प्लायची पट्टी, सांध्यावर जॉइंट टेप आणि त्यावर जॉइंटिंग कंपाउंडचे पातळ तीन हात, असा क्रम असतो. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा आणि पुढचा हात आधीच्यापेक्षा रुंद ओढायचा. एकाच जाड हातात भरले की ते आकसते आणि चौकोन उमटून दिसतो. घासायला कोरडा पॉलिश पेपर न वापरता ओल्या स्पंजने सांधा सारखा करायला सांगा. धूळ फार कमी उडते. तरीही त्या तीन-चार दिवसांत सासूबाईंना नातेवाइकांकडे पाठवता आले तर पाठवा, कारण जिप्समची धूळ पिठासारखी बारीक असते आणि दम्याच्या माणसाला ती सोसत नाही. दुरुस्तीवर तेवढ्यापुरता रंग मारू नये, थिगळ दिसते. ती भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवावी. चित्राची भिंत मागून उघडली, तर रंग कपाटांच्या खोलीतच लागेल.

आता ठेकेदाराशी करायचे बोलणे. परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच काम घ्या आणि परवान्याची प्रत मागा. ती मागणे हा अविश्वास नाही. दर पॉइंटमागेच ठरू द्या, पण सोबत एका कागदावर लिहून घ्या, की भिंतीत किती काप घेतले जातील, ते कुठे असतील आणि ते कोण बुजवणार. जिप्समचे काम करणारा कारागीर पहिल्या दिवशी वायरमनच्या सोबत उभा असावा. बुजवणारा माणूस समोर असला, की कापणारा माणूस हात राखून कापतो. काप बंद करण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढा आणि फोटोत मोजपट्टी धरा, म्हणजे उद्या त्या भिंतीवर फ्रेम ठोकताना तार नेमकी कुठे आहे ते कळेल. हिशेब चुकता करण्याआधी सगळ्या सर्किटांची मेगर तपासणी पुन्हा करून घ्या, आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते स्वतः पाहा, आणि कोणता एमसीबी कशाचा, हे मराठीत लिहिलेली पट्टी डीबीच्या दारावर आतून लावून घ्या. मेगरचे आधीचे आणि नंतरचे आकडे बिलासोबत एकाच फाइलमध्ये राहू द्या. पुढे कधी काम निघाले, तर येणारा वायरमन तिथून सुरुवात करू शकेल.